खडपावरचे उलथे दगड

समुद्राची मला पहिल्या भेटीतच किळस आली होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जिनं पुढची कितीतरी वर्षं रत्नागिरीतल्या पोरांना समुद्र शिकवला, त्या बाईच्या तोंडी हे शोभत नाही. पण आठवायचंच तर खरं आठवावं.

मी देवरूखच्याही आतल्या एका खेड्यातली. डोंगर, भाताची खाचरं आणि पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी एवढंच माझं जग. ऐंशीच्या दशकात, बी.एड. झाल्या झाल्या, रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी लागली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि समुद्र फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलेला होता. शाळा किनाऱ्याला लागून. मागे चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, त्यापलीकडे माडांच्या दोन ओळी, मग थोडी वाळूची पुळण, आणि पुळणीच्या टोकाला काळ्या खडकांचा पसरट पट्टा. ओहोटीला तो उघडा पडायचा, भरतीला बुडायचा. तिथले लोक त्याला खडप म्हणत.

रुजू झाले त्याच संध्याकाळी चपला हातात घेऊन मी मोठ्या हौसेनं पुळणीवर गेले. दहा पावलं चालले असेन. समोर ओळीनं माणसं बसली होती, समुद्राकडे तोंड करून, आणि ती सूर्यास्त बघायला बसली नव्हती. पाण्याच्या कडेला माशांची मुंडकी, आतड्यांची वेटोळी, कुजकी फुलं, फुटक्या बाटल्या. एक कुत्रं फुगलेला मासा ओढत होतं. तेवढ्यात लाट आली आणि माझ्या घोट्याला काहीतरी मऊ घासून गेलं. ते काय होतं ते मी पाहिलं नाही. खोलीवर येऊन तीनदा साबणानं पाय धुतले आणि त्या रात्री जेवले नाही. पुढचं दीड वर्ष मी त्या गडग्यापलीकडे पाऊल टाकलं नाही.

आणि तरी मी समुद्र शिकवत होते. आठवीच्या वर्गात पुस्तकातला धडा वाचून दाखवायचा, फळ्यावर तारामाशाचे पाच हात काढायचे, ‘सागर ही आपली संपत्ती आहे, तिचे रक्षण केले पाहिजे’ हे वाक्य वहीत उतरवून घ्यायचं. खिडकीतून लाटांचा आवाज यायचा. वारा त्या बाजूनं सुटला की मी खिडकी लावून घेई.

वर्गात मच्छीमारांची पाचसात मुलं होती. माझ्या आकृत्या बघून ती आपापसांत हसत. त्यांतली एक मुलगी मात्र हसायची नाही. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची, तेल लावून चापूनचोपून दोन वेण्या, आणि डोळे सतत माझ्या तोंडाकडे. तिचा बाप होडीवर जायचा, आई म्हावरं विकायची आणि ओहोटीला खडपावर जाऊन कालवं फोडून आणायची. कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, आत मऊ गर असलेले. ही माहिती मला नंतर कळली. तेव्हा मला तिच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की तिच्या वह्यांना वास येतो. तिची वही तपासताना मी ती बोटांच्या टोकांनी धरायची.

त्या वर्षी डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन आमच्या शाळेत भरायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं.

“बाई, यंदा विषय सागरसंपत्ती. आपल्याला समुद्र घरचा. पहिला नंबर बाहेर जाता कामा नये.”

कल्पना माझी होती, हे मला लपवता येणार नाही. मीच वर्गात जाहीर केलं, की जो कुणी सगळ्यांत जास्त प्रकारचे समुद्रजीव आणेल त्याला पाच वह्या आणि कंपासपेटी. दुसऱ्या शनिवारी अमावास्या होती, म्हणजे संध्याकाळी पाणी खूप मागे जाणार. मी स्वतः गेले नाही. मी प्रयोगशाळेत बरण्या पुसत बसले.

दिवेलागणीला पोरं आली. चाळीस पोरं, बादल्या, डबे, पिशव्या, कुणी सदऱ्याच्या ओच्यात घालून. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लखलखलेले. “बाई, हे बघा!” “बाई, माझे बावीस झाले!” तारामासे, काटेरी गोळे, समुद्रकाकड्या, जिवंत शंख, खेकडे, दगडाला चिकटलेली समुद्रफुलं दगडासकट. एक पिवळट गोळा होता, तो दाबला की जांभळा रंग ओकायचा. पोरं आळीपाळीनं दाबत होती. एका डब्यात लहानसं माकूल होतं, आठदहा हातांचं. त्यानं सगळी शाई टाकून डबा काळा केला होता आणि आता त्याचा रंग उडत चालला होता, पुन्हा येत होता, पुन्हा उडत होता.

माझ्याजवळ फॉर्मॅलिनची एक बाटली होती. ती अकरा बरण्यांना पुरली.

ती दोन वेण्यांची मुलगी रिकाम्या हातांनी दाराशी उभी होती.

“तू काय आणलंस?”

“काय नाय, बाई.”

“का? तुमचं तर घरच तिथे आहे.”

तिनं बादल्यांकडे पाहिलं. “खायचं नाय, तर मारायचं कशाला?”

पोरं हसली. मला वाटलं ही उलट बोलते आहे. “अभ्यास म्हणून,” मी म्हटलं, “आणि उद्धटपणा केल्याबद्दल सोमवारी पहिल्या तासाला उभी राहा.” मग उरलेल्या बादल्या टेबलाखाली सरकवल्या, त्यांत नळाचं गोडं पाणी ओतलं, कुलूप लावलं आणि घरी गेले. नळाचं पाणी. विज्ञानाच्या बाईनं.

सोमवारी सकाळी वास फाटकापासून येत होता.

तो वास मला आजही शब्दांत धरता येत नाही. मासळीबाजाराचा वास त्यापुढे काहीच नाही. त्याला उष्णता होती, तो अंगाला चिकटत होता, जिभेवर बसत होता. शिपाईमामांनी कुलूप काढलं, एक पाऊल आत टाकलं आणि तसेच मागे वळून व्हरांड्याच्या कठड्यावरून ओकले. “बाई, माझी नोकरी घ्या,” ते म्हणाले, “पण मला आत पाठवू नका.”

मग मी गेले. तोंडावर पदर बांधला. बादल्यांवर करडा फेस आला होता. तारामासे विरघळून चिकट लापशी झाली होती, हात घातला की त्यांच्या हातांचे तुकडे बोटांना लागत. समुद्रकाकड्यांनी आपली आतडी बाहेर टाकली होती. शंखांच्या तोंडातून काळा द्रव गळून फरशीवर वाळला होता, त्यावर माश्या. मरताना खेकडे बादलीबाहेर पडले होते, एक कपाटाखाली, एक दाराच्या फटीशी, बाहेरच्या बाजूला नांग्या करून. मी दोन तास ते गोळा केलं. तीनदा बाहेर जाऊन ओकले. चौथ्यांदा ओकायला पोटात काही नव्हतं. आणि मधेच केव्हातरी माझ्या लक्षात आलं, की मला त्या जिवांची किळस येत नाहीये. मला माझ्या हातांची येते आहे.

मी हे आवरत असतानाच खाली आवाज चढलेला ऐकू आला.

शाळेच्या पायऱ्यांखाली एक बाई उभी होती. काष्टा, डोक्यावर चुंबळ, कमरेला कालवं फोडायची छोटी कोयती, म्हावऱ्याची पाटी अंगणात ठेवलेली. मुख्याध्यापक वरच्या पायरीवर, नाकाला रुमाल लावून.

“पाटी गडग्याबाहेर ठेव आधी. मुलांना वास येतो.”

“वास माझ्या पाटीचा नाय, गुरुजी. वास तुमच्या माडीवरनं येतोय.”

ते खरंच होतं, आणि सगळी शाळा ते हुंगत होती. पण मुख्याध्यापकांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. “काय काम आहे?”

“तुमच्या पोरांनी आमचा खडप पार उलथा केलानी. एकेक दगड उलथून तसाच टाकलानी. दगडाच्या पोटी जीव असतो, अंडी असतात. उन्हानं सगळं करपलं. काल मी गेले तर नुसती घाण सुटलीय. आम्ही दगड उचलतो तो परत जसाच्या तसा ठेवतो. लहानपणापास्नं. एवढंही शिकवत नाय शाळेत?”

“ही सरकारी जागा आहे. तुझ्या नावावर आहे का खडप?”

“नाय. तुमच्या पण नाय.”

मी व्हरांड्यात आले होते. तोंडावरचा पदर तसाच. तिनं वर पाहिलं आणि मला ओळखलं. त्या दोन वेण्यांच्या मुलीनं, तिच्या लेकीनं, सांगितलं असणार. “बाई, तुम्हीच ना त्या?” ती म्हणाली. मी काहीच बोलले नाही. मुख्याध्यापकांनी शिपाईमामांना खूण केली आणि मामांनी तिची पाटी उचलून गडग्याबाहेर नेऊन ठेवली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. माझी आई गावच्या दुकानात तेल आणायला जायची, तेव्हा पायरीखाली उभी राहायची. दुकानदार वरून बाटलीत तेल ओतायचा, बाटलीला बोट लागू न देता. आमच्या घरानं धम्मदीक्षा घेतली त्यालाही तोवर बरीच वर्षं झाली होती, घरात बाबासाहेबांची तसबीर होती, पण दुकानाची पायरी तिथेच होती. मी आईचा पदर धरून उभी असायची आणि दुकानदाराच्या तोंडावरचा तो भाव बघायची. नाकपुड्या जरा आक्रसलेल्या, ओठ मिटलेले. तो भाव मला पाठ होता. त्या सोमवारी मी पायरीच्या वरच्या बाजूला होते आणि माझ्या तोंडावर पदर होता.

सगळं आवरून मी वर्गात गेले तेव्हा ती मुलगी उभीच होती, मी सांगितल्याप्रमाणे. मी तिला बस म्हटलं. आणखी काही म्हणायला हवं होतं. ते त्या दिवशी माझ्याच्यानं झालं नाही.

प्रदर्शन त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी झालं. बरण्या होत्या अकरा. पण मुख्याध्यापकांनी कुजलेल्या शंखांतला मांसाचा भाग पोरांकडून सुईनं उपसून काढवला, शंख सोड्यात उकळवले, वर व्हार्निश मारून घेतलं. ते झगमगत होते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक मोठे साहेब उद्घाटनाला आले. त्यांनी सागराच्या रक्षणाबद्दल पाऊण तास भाषण केलं आणि खाली उतरून टेबलांवरून फिरले. एक थोरला शंख उचलून म्हणाले, “सुंदर! हा आमच्या दिवाणखान्यात शोभेल.” मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. मग साहेबांच्या सौभाग्यवतींनी दोन निवडले. मग बाकीच्या पाहुण्यांना धीर आला. संध्याकाळपर्यंत टेबलावर फक्त फुटके उरले. पहिला नंबर आम्हालाच मिळाला. चहा झाल्यावर पाहुण्यांच्या बशांतलं उष्टं, केळ्यांची सालं, फरसाणाचे कागद शिपाईमामांनी टोपलीत भरले आणि गडग्यावरून पलीकडे भिरकावले. मी बघत होते. ते रोजच तसं करत. मी पहिल्यांदा पाहिलं, एवढंच.

ती मुलगी व्हरांड्यात चटया गुंडाळत होती. मी तिच्याजवळ गेले.

“तुझी आई उद्या खडपावर जाणार आहे?”

“उद्या पुनव. पाणी मागं जाईल. जाईल ती.”

“मला यायचं आहे. मुलांना घेऊन. ते दगड परत ठेवायला.” मग मी तिला म्हटलं, “त्या दिवशी तू बरोबर बोललीस. मी उगाच तुला उभं केलं.”

तिनं मान हलवली. मला वाटलं ती काहीतरी मोठं बोलेल. ती म्हणाली, “बाई, चप्पल घालून या. कालवं कापतात.”

रविवारी चाळिसातली सतरा मुलं आली. पुळणीवरून आम्ही एकामागोमाग एक, खाली बघत, पाय चुकवत गेलो. घाण तीच होती. त्या मुलीची आई खडपाच्या सुरुवातीला पाटी घेऊन बसली होती. माझ्याकडे बघून ती उठली नाही.

“मावशी,” मी म्हटलं, “काय करायचं ते तुम्ही सांगा.”

“आता सांगून काय? पंधरा दिस झाले.” पण ती उठली. तिनं एक दगड दाखवला. “ही बघा, हिरवी बाजू. ती ऊन खाते, ती वर. ही पांढरी, भोकाभोकाची, ही पोटाची. इथं जीव. ही खाली. बस, एवढंच शास्त्र आहे.”

माझ्या पुस्तकात ते नव्हतं.

आम्ही दगड फिरवू लागलो. प्रत्येक दगडाखाली काळा, कुजका चिखल, सडलेल्या शेवाळाचा बुळबुळीत थर, आणि वरच्या बाजूला वाळून चिकटलेले सुकट ठिपके. ती अंडी होती, असं तिनं सांगितलं. ज्याला कंपासपेटी मिळाली होती तो मुलगा एक मोठा दगड धरून बसला होता. “बाई, हा मी उलथला होता,” तो म्हणाला. “याच्याखाली सहा मिळाले होते.” त्यानं तो नीट बसवला, हातानं दाबला, जणू तसं दाबून काही होणार होतं.

“यातलं किती जगेल, मावशी?”

“काय नाय. पण नवीन येईल, दगड सरळ असला तर.”

अंधार पडायला थोडा वेळ होता. दोघीतिघी मुली खडपाच्या वरच्या अंगाला, माडांच्या बाजूला गेल्या होत्या. तिथून हाक आली. “बाई, इकडचे दगड बघा कसे झालेत!”

त्या बाजूचे दगड कुणी उलथले नव्हते. तरी त्यांच्यावर काही नव्हतं. ना शेवाळ, ना शिंपला. सगळ्यावर करड्या रंगाचा शेंबडासारखा थर. गडग्याच्या बाजूनं वाळूतून एक सिमेंटचा पाईप बाहेर आला होता आणि त्यातून बारीक धार खडपावर उतरत होती. धारेच्या कडेला विष्ठेचे गोळे अडकले होते आणि त्यांच्यामध्ये कागदाचा एक चोळामोळा. मुलीनं काटकीनं तो पसरला. सहामाही परीक्षेची उत्तरपत्रिका होती. शाई धुऊन गेली होती, पण कोपऱ्यात लाल बॉलपेननं लिहिलेले गुण दिसत होते. पस्तीसपैकी सहा. अक्षर माझं होतं. कुणीतरी नापास पेपर घरी न नेता शाळेच्या संडासात टाकला होता.

पोरं वाकून बघू लागली. मग एकीनं नाक दाबून म्हटलं, “बाई, हा आपल्या शाळेचा आहे.”

मी मावशीकडे वळले.

“मग?” ती म्हणाली. “तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“नाही.”

“इकडची कालवं आम्ही काढत नाय. खात नाय, बाजारात पण देत नाय. आधी इथलीच सगळ्यांत मोठी असायची.” ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. “एकदा सांगायला आले होते. तेव्हा पण गडग्याबाहेर उभी केलानी.”

पुळणीवर बसणाऱ्या माणसांकडे बघून मी दीड वर्ष नाक मुरडलं होतं. त्यांच्या घरी संडास नव्हते. माझ्या शाळेत होते, चार, पक्के, पाण्याच्या टाकीसकट, आणि मी रोज त्यातल्या एकाची साखळी ओढून, हात धुऊन, समुद्राचं रक्षण शिकवायला वर्गात जात होते.

सोमवारी मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांच्याकडे आधीच दोन पालक येऊन गेले होते. मुलांना घाणीत नेलं, कोळणीच्या हाताखाली राबवलं, ही तक्रार. मी पाइपाचं सांगितलं.

ते शांतपणे म्हणाले, “ओहोटीला चार तास दिसतो तो. कोण बघतंय? भरती सगळं घेऊन जाते.”

“कुठे घेऊन जाते, सर?”

“समुद्र मोठा आहे, बाई.”

मी संस्थेच्या समितीला अर्ज लिहिला. उत्तर आलं नाही. दुसरा लिहिला. त्याचं उत्तर म्हणून मला मेमो आला, परवानगीवाचून विद्यार्थ्यांना शाळेबाहेर नेल्याचा. मी दर उधाणाच्या ओहोटीला त्यांना नेत राहिले. काही उचलायचं नाही, बरणी नाही, डबा नाही. दगड उचलला तर बघायचा आणि होता तसा ठेवायचा. मावशी असेल तर ती बोलायची, मी वही काढून लिहून घ्यायची. पालकांच्या भीतीनं कधी नऊच मुलं यायची, कधी सहा.

पुढच्या वर्षी प्रदर्शनासाठी पुन्हा शंख गोळा करा असा हुकूम झाला. मी नाही म्हटलं. चित्रकलेच्या सरांनी ते काम आनंदानं घेतलं. माझ्या वर्गातून एकच वस्तू गेली. पुठ्ठ्यावर काढलेला किनाऱ्याचा नकाशा. त्या मुलीनं आणि दोघीतिघींनी मिळून काढला होता. पुळण, खडप, कुठे कालवं, कुठे खेकडे, कुठे माशांची अंडी, सगळं रंगांनी. आणि शाळेच्या इमारतीपासून निघालेली एक जाड तपकिरी रेघ. ती पुसून टाका, असं मी सांगू शकले असते. त्या रेघेमुळे काय होईल ते मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

त्या वर्षी दुसरे साहेब होते. ते नकाशासमोर थांबले. “छान. ही नदी का?”

“नाय, साहेब,” ती म्हणाली. “हा आमच्या शाळेचा संडास. हितनं निघतो, हितं बाहेर पडतो. हितं माझी आई कालवं काढायची. आता काढत नाय.”

साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला. पुठ्ठ्यासमोर उभं राहून. बाजूच्या टेबलावर व्हार्निशाचे शंख होते, त्यांच्या आत अजून काहीतरी सडत होतं आणि त्याचा वास सगळ्या दालनात होता. तिथे कुणी रुमाल लावला नव्हता.

नकाशा पाचच मिनिटांत भिंतीवरून उतरला. मुख्याध्यापकांनी माझ्यादेखत तो दुमडून मोडला. त्या मुलीला ते म्हणाले, “लाज नाही वाटत, असलं घाण काढायला?” ती खाली बघत उभी राहिली. या खेपेला मी गप्प बसले नाही. “घाण तिनं काढली नाही, सर,” मी म्हटलं, “तिनं फक्त कुठे जाते ते काढलं.” सगळ्यांसमोर. मला सक्त ताकीद मिळाली, आणि पुढची तीन वर्षं मला दहावीचा वर्ग मिळाला नाही. तो राग त्यांनी मनापासून जपला.

पाईप त्यानंतरच्या मे महिन्यात बंद झाला. मागच्या आवारात खड्डा खणून टाकी बांधली. आमच्यामुळे बांधली असं मला कुणी म्हटलं तर मी गप्प राहते, पण ते तसं नाही. समितीनं शाळेचा हॉल सुटीत लग्नांना द्यायचं ठरवलं होतं, आणि ओहोटीच्या वेळी पंगतीत वास येत होता. वऱ्हाडाला वास आला तेव्हा पाईप बंद झाला.

दोन पावसाळे गेल्यावर त्या बाजूच्या दगडांवर पुन्हा हिरवं दिसू लागलं. ती मुलगी तोवर दहावी होऊन कॉलेजात गेली होती, सुटीच्या दिवशी आईबरोबर यायची. एका ओहोटीला मावशीनं मला त्या जागी बोलावलं. पाइपाचं तोंड वाळूनं बुजलं होतं. त्याच्याखाली हातभर अंतरावर एका खडकाला पाचसहा कालवं धरली होती, रुपयाएवढी.

तिनं कोयतीच्या टोकानं एक उघडलं. आतला गर करडा, ओला, चमकणारा. तो तिनं कोयतीच्या पात्यावर उचलून माझ्यापुढे धरला.

“घ्या, बाई. बघा कशी झालीत.”

मला खायचं होतं. खरंच खायचं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो करडा थर, तो कागद, ती धार आली. तोंडात पाणी सुटलं, ओकाऱ्या येताना सुटतं तसं.

“मला नाही जमणार, मावशी.”

ती हसली नाही, रागावलीही नाही. तिनं तो गर लेकीपुढे धरला. लेकीनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग तोंडात घेतला, चावला आणि म्हणाली, “खारट आहे. चांगलं आहे.” मावशीनं पदराला पातं पुसलं आणि पुढच्या दगडाकडे वळली.